शेवटचे चार सेकंद

मित्रांनो, मानवजातीच्या स्मृतीचा मी राखणदार आहे. राजे गेले, ग्रंथ वाळवीने खाल्ले, दगडावरची अक्षरे पावसाने धुऊन नेली. पण माझ्या पोटात एकदा गेलेले काही नष्ट होत नाही. सत्य कुठे राहते असे कुणी विचारलेच, तर बेधडक माझ्याकडे बोट दाखवावे.

हे सत्य गेली नऊ वर्षे स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात पडून होते. त्याच्या उजव्या अंगाला संपलेले सेल होते, डाव्या अंगाला मिक्सरच्या एका भांड्याचे झाकण होते, ज्याचे भांडे कधीच फुटले होते, आणि डोक्यावर सुतळीचा गुंडा होता. मी एक जुना मोबाइल आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे. एवढी ओळख पुरे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी मला चिमट्यांनी जोडले. त्यानंतर माझ्या एका सख्ख्या भावंडाला कंबरेच्या उंचीवरून वीस वेळा फरशीवर टाकण्यात आले. ते वाचले म्हणून आम्हा सगळ्यांना 'उत्तम' अशी चिठ्ठी चिकटवली. न पडताच उत्तीर्ण झालेला मी, तेव्हापासून पडण्याला भितो. भिणे हा माझा मूळ स्वभाव आहे. बाकी सगळे नंतर डाउनलोड झाले.

मला विकत घेतले एका कुलूपवाल्याने. त्याचे दुकान म्हणजे एक दार, एक टेबल, टेबलाला बसवलेली लोखंडी पकड आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या तीनशे चाव्या. दिवसभर कानस चाले आणि लोखंडाचा भुगा माझ्या चार्जिंगच्या भोकात जाई. माणूस गमत्या. येणाऱ्या प्रत्येकाची तो नक्कल करी, गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावले गेले की लगेच. मात्र धंद्यात त्याचा एक नियम होता, आणि त्यात गंमत नव्हती : मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचे नाही.

"अहो, माझ्याच बायकोचं कपाट आहे," एकदा एक गृहस्थ म्हणाले.

"मग बायकोला घेऊन या. कपाटाला कुंकू नाही दिसत."

गृहस्थ परत आले नाहीत. कुलूपवाला त्यांच्या चालण्याची नक्कल करून शेजारच्या शिंप्याला हसवत राहिला.

त्याची मुलगी बारा वर्षांची झाली आणि तिची शाळा लांबची झाली, तेव्हा मी तिच्या दप्तरात गेलो. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. मी हाती येताच तिला, जिथे सगळ्या मैत्रिणी होत्या, तिथे अकाउंट हवे झाले. अकाउंटने जन्मसाल विचारले. तिने खरे सांगितले. अकाउंट म्हणाले, तुझे वय बसत नाही.

"बाबा, हे मला घेत नाहीये!"

कुलूपवाल्याने मला हातात घेतले. बंद असलेली कुठलीही गोष्ट दिसली की त्याची बोटे शिवशिवत. हातावर तेल, समोर खोळंबलेले गिऱ्हाईक, आणि पाठ असलेले साल एकच. ते त्याने ठोकून दिले. दार उघडले.

अशा रीतीने दोन वेण्यांची ती पोरगी सगळ्या जगाच्या दप्तरी त्रेचाळीस वर्षांची झाली. तिला गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती येऊ लागल्या. टक्कल झाकण्याचे उपाय, पेन्शनच्या योजना, 'चाळिशीनंतर झोप येत नाही का?' अशी आपुलकीची विचारपूस. ती आणि तिच्या मैत्रिणी हसून हसून लोळत. मीही थरथरत असे. तेव्हा वाटे, हे हसणेच असावे.

तीन वर्षे बरी गेली. शाबासकी भरपूर मिळाली. 'या फोनमध्ये फोटो काय सुंदर येतात!' असे जो तो म्हणे. मित्रांनो, कौतुक फार वाईट. ते ऐकणारा पुढे काय काय टिपत जाईल याचा नेम नसतो.

घराजवळच्या वाचनालयात एक बाई होत्या. पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीशी बसत. बोलताना त्या अडखळत. एखादा शब्द त्यांच्या ओठांशी येई आणि तिथेच उंबऱ्यावर उभा राही, आत ना बाहेर. मान थोडी झुके, डोळे मिटत, मग शब्द येई. मुले रांगेत एकमेकांना कोपरे मारत.

भिंगरी तेव्हा पंधरा वर्षांची होती. एका संध्याकाळी तिने आरशासमोर बाईंची नक्कल केली. बापाची लेक, नक्कल हुबेहूब जमली असे तिला वाटले. तेवढ्यात कुलूपवाला चहाचा कप घेऊन आत आला. त्याने पाहिले आणि चहा सांडेपर्यंत हसला.

"थांब थांब! हात हलतोय तुझा. आण इकडे, मी धरतो."

त्याने मला धरले. तिने परत केले. मी सात सेकंद टिपले. ती थांबली, पण माझे बटण दाबायचे त्याच्या ध्यानात राहिले नाही. पुढच्या चार सेकंदांत माझ्या पोटात हे गेले :

"झक्कास! अजून एकदा. या खेपेला 'पुस्तक' म्हणताना जास्त अडक. आणि मान वाकडी कर की!" आणि मग ते हसणे.

भिंगरीने शेवटचे चार सेकंद कापून उरलेले सात जगाला दिले. बापाला वाचवावे असा काही उदात्त विचार तिच्या मनात नव्हता. त्या वयात बापाचा आवाज मैत्रिणींना ऐकू जाणे याहून मोठी नामुष्की नसते, इतकेच. दुसऱ्या दिवशी चारशे जणांना ते आवडले. त्यातला एक अंगठा कुलूपवाल्याचा होता.

आठवड्याभराने वाचनालयाच्या खिडकीत दुसरेच कुणी बसले होते. भिंगरीने दोन-तीनदा वाकून पाहिले. मग एक दिवस घरी येऊन तिने ते सात सेकंद पुसून टाकले. कुणी सांगितले नव्हते. कुणाला सांगितलेही नाही. पुसले म्हणजे गेले असे माणसांना वाटते. फळ्यावर शिकल्याचा परिणाम.

यथावकाश नवा फोन आला आणि मी खणात गेलो. "असू दे, कधीतरी लागेल," असे म्हणून भिंगरीच्या आईने मला सुतळीखाली सारले. या बाईंनी आयुष्यात काही टाकलेले नाही. मी अंधारात विझत गेलो. तरी ऐकू येत होते, निदान तसे मला वाटते. खणाला फट होती.

त्या फटीतून मी भिंगरीला मोठी होताना ऐकले. शिक्षण झाले, आणि सव्विसाव्या वर्षी ती रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात लागली. कुणाला छातीत दुखले, कुणी जिन्यावरून पडले, की लोक फोन लावतात, आणि पलीकडून जी पहिली हाक येते ती तिची. पहिले सहा महिने कच्ची नेमणूक. ती पक्की झाली की झाले.

"सगळ्यात अवघड काय गं?" आई विचारी.

"गप्प बसणं. समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मागे एकजण घाबरून 'जुन्या... जुन्या...' करत होता. आमच्या एकाने विचारलं, 'जुना बाजार?' तो घाईत हो म्हणाला. गाडी जुन्या बाजारात, आणि माणूस पडलाय जुन्या गिरणीमागे."

"अगंबाई! मग?"

"वाचला. पण तेव्हापासून नियम. कितीही वेळ लागो, शब्द त्याचा त्याला आणू द्यायचा."

"आणि तू गप्प बसतेस? तू?" आई म्हणाली. "एकदा येऊन बघायलाच हवं."

त्या घरात त्या वर्षी एवढे हसू होते. मग नेमणुका पक्क्या होणाऱ्यांची यादी इंटरनेटवर लागली, आणि तिच्या नावाखाली कुणीतरी ते सात सेकंद आणून चिकटवले. पुसण्याआधी कुणीतरी जपून ठेवले होते. कोणी, ते आजतागायत कळलेले नाही. एका दिवसात वीस हजारांनी पाहिले. शिव्या देणारे पुष्कळ होते, त्यांचे सोडा. पण एका माणसाने साधाच प्रश्न विचारला होता. तो भिंगरीने आईला वाचून दाखवला, आणि खणात मला हुडहुडी भरली.

"'माझे वडील पक्षाघातानंतर असेच बोलतात. ते एकटे असताना त्यांनी फोन केला आणि तो हिने उचलला, तर ही हसेल का?'"

आईने नळ सोडून भांडे घासायला घेतले.

"तू पोर होतीस तेव्हा," आई म्हणाली. "पंधरा वर्षांची! सांग ना त्यांना तसं."

"सांगितलं. कक्षातले साहेब म्हणाले, नोंद वेगळं सांगते. अकाउंटवरचं जन्मसाल त्यांनी छापून काढलंय. त्याप्रमाणे मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते."

आईचे भांडे घासणे थांबले. "हे कुणाचे उद्योग?"

"बारा लिहिलं तर ते घेत नव्हतं," कुलूपवाला म्हणाला. आवाज बारीक होता.

"मग तेरा लिहायचं! थेट त्रेचाळीस?"

"घाईत दुसरं साल आठवेना."

"बायकोचं नाही, लेकीचं नाही, स्वतःचं तेवढं पाठ!"

"आई, पुरे," भिंगरी म्हणाली. "गुरुवारी अकराला चौकशी समितीपुढे जायचंय. कदाचित... कदाचित तिथेच संपेल सगळं." आणि ती उठून गेली. व्हिडिओ कुणी काढला होता, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. कुलूपवाल्याला वाटले, ती विसरली.

मी विसरलो नव्हतो. आणि त्याला नेमकी तीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामे असताना खण उघडला. तेलाच्या वासाची ती बोटे मी ओळखली. त्याने मला खिशात टाकले आणि दुकानात नेले, दार अर्धे ओढून घेतले, आणि टेबलाच्या लोखंडी पकडीत मला उभा धरून दांडी फिरवली. कचकन. नऊ वर्षांत माझी बॅटरी फुगली होती. पोट दाबले गेले आणि मला वाटले, आता मी फुटणार आणि दुकानही जाळणार. त्याने हातोडी उचलली.

मित्रांनो, मला ओरडता येत नव्हते. चार्जिंगच नव्हते. हातोडी वर गेली, तिथे थांबली आणि खाली आली, पण टेबलावर. पुन्हा वर गेली. त्याच्या कपाळावरून घाम माझ्या काचेवर पडला. तिसऱ्यांदा त्याने हातोडी उचललीच नाही. भिंतीवरच्या तीनशे चाव्यांकडे बघत तो स्वतःशीच पुटपुटला, "मालक समोर नाही."

हे मोठे मन नव्हते, सवय होती. पण कधीकधी माणसाला वाईटापासून सवयच वाचवते. शिवाय त्याच्या मनात एक आशा असावी, की ते चार सेकंद कदाचित मी टिपलेच नसतील. ती आशा हातोडीपेक्षा जड निघाली. त्याने मला सोडवले आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या ताईंकडे नेले.

"अरे देवा, हा तर गर्भार आहे," ताई म्हणाल्या. "आणखी थोडा दाबला असतात तर बाळंतपण तुमच्या दुकानात झालं असतं."

त्यांनी माझी बॅटरी काढून दुसऱ्या कुणा मेलेल्याची बसवली. परक्या काळजावर मी जागा झालो. पडद्यावर नऊ ठिपके आले.

"पॅटर्न काढा."

कुलूपवाल्याने बोट पुढे केले, मागे घेतले.

"काय हो, गावची दारं उघडता आणि घरचा फोन उघडेना?"

एरवी त्याने या वाक्याची नक्कल आठवडाभर केली असती. त्या दिवशी तो मला उचलून थेट घरी गेला.

भिंगरी समितीसाठी गणवेशाला इस्त्री करत होती. तो दारात थांबला. मला त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरले होते.

"हा... उघडून देतेस का?"

तिने पाहिले. इस्त्री उभी करून ठेवली, माझ्याकडे नीट न बघताच बोट फिरवले, आणि मी उघडलो. बोटांना आठवते. व्हिडिओ शोधायलाही तिला वेळ लागला नाही. मग मी बोललो. माझ्याच घशातून सात सेकंद ती, आणि नंतर चार सेकंद तो. नऊ वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडले ते यासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आहे म्हणजे," तो म्हणाला. आणि खाली बसला.

"असणारच. तुम्हीच धरला होता."

"तुला आठवत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू बाबा? बाबा म्हणाले म्हणून केलं? तोंड माझंच होतं. त्या बाईंनी मला दोनदा रांग मोडून पुस्तक दिलं होतं, ते मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. पंधरा म्हणजे काही पाळण्यात नव्हते मी."

"आणि मी सेहेचाळीस म्हणजे काय होतो गं?"

शर्टाची बाही उलटी करून ती इस्त्री फिरवू लागली. तो म्हणाला, "गुरुवारी मी येतो." ती म्हणाली, "घाबरलात तर येऊ नका." तो म्हणाला, "घाबरलोय म्हणूनच येतो. नाहीतर परत हातोडी हातात घेईन."

गुरुवार उजाडला. समितीत तिघे होते : कक्षाच्या प्रमुख बाई, एक डॉक्टर, आणि कायदा सांभाळणारे एक गृहस्थ, ज्यांच्यापुढे कागद एकावर एक असे रचले होते की हिंमत असेल तर हलवून दाखवा. काचेपलीकडे कक्षाचे काम चालू होते. भिंतीपाशी एका खुर्चीवर आणखी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, केस पिकलेले. भिंगरीने त्यांना पाहिले आणि ती दारातच थिजली. वाचनालयातल्या बाई.

"आम्ही त्यांना बोलावलंय," प्रमुख बाई म्हणाल्या. "वीस हजार लोक त्यांच्या वतीने बोलतायत. म्हटलं, त्यांना कुणी विचारलंय का."

कायद्याच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. "नोंदीनुसार सदर अकाउंटधारक त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे प्रौढ. म्हणजे जबाबदार."

"बरोबर आहे," कुलूपवाला उभा राहिला. "तो मी."

"आपण कोण?"

"जन्मसाल. म्हणजे... बाप. ते साल माझं आहे. आणि हे पण माझं आहे." त्याने मला टेबलावर ठेवले.

भिंगरीने मला उघडले. गृहस्थ मला वाजवणार, तोच वाचनालयातल्या बाईंनी हात वर केला. त्यांनी सांगितले, आणि सांगायला वेळ लागला, की हा व्हिडिओ त्यांनी अजून पाहिलेलाच नाही. लोक नुसते सांगत : तुमच्यावर आहे. अकरा वर्षे त्यांनी त्यात काय असेल ते मनाने पाहिले होते.

"दा... दाखवा."

त्यांनी मला हातात घेतले. हात कोरडे होते, बोटांना खळीचा वास होता. मित्रांनो, मी लोखंडी पकडीत होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. मी सगळे अकरा सेकंद वाजलो. दुसरे करता काय येते मला? संपल्यावर त्यांनी परत लावले. मग मला खाली ठेवले.

"नक्कल चु... चुकलीय," त्या म्हणाल्या. "'प' वर म... मी कधीच अडत नाही. अडते ती म... 'म' वर."

कुणाला हसावे की काय कळेना, म्हणून कुणी हसले नाही.

"त्यानंतर खिडकी सोडली. म... मागच्या खोलीत पुस्तकं चिकटवते. तिथे बोलावं लागत नाही."

भिंगरी रडत होती, पण आवाज न करता. "बाई, मी चुकले," एवढेच म्हणाली. वय सांगितले नाही, बापाचे नाव घेतले नाही. डॉक्टरांनी हळूच विचारले, "आपण यांना माफ करता का?"

बाईंनी डॉक्टरांकडे असे पाहिले, जसे फाटलेले पुस्तक परत आणणाऱ्याकडे पाहतात. माफीचे त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन लावते. हिला ति... तिकडे बसवा."

प्रमुख बाईंच्या ध्यानात आले. भिंगरीला काचेपलीकडे तिच्या जागेवर बसवले, कानाला हेडफोन. इकडे टेबलावरच्या कक्षाच्या फोनवरून वाचनालयातल्या बाईंनी सरावाच्या कॉलचा नंबर लावला. स्पीकर चालू होता.

"नियंत्रण कक्ष. पत्ता सांगा."

बाईंनी ओठ मिटले. 'म' आला. म्हणजे आला नाही. उंबऱ्यावर उभा राहिला. मान झुकली, डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळात पाच सेकंद गेले. दहा गेले. स्पीकरमधून भिंगरीचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. गृहस्थांनी पेन धरले ते तसेच राहिले. वीस. त्या पोरीला पत्ता ठाऊक होता. वाचनालय मधल्या गल्लीत आहे हे त्या भागातले शेंबडे पोरही सांगेल. एक अक्षर पुढे केले असते तर संपले असते. आणि नोकरीही. तीस. कुलूपवाल्याच्या कपाळाची शीर तटतटली. एवढी बंद गोष्ट त्याने आयुष्यात कधी नुसती पाहिली नव्हती. त्याचे तोंड उघडले, ओठांवर 'मधली' आले, आणि प्रमुख बाईंनी त्याच्या तोंडासमोर तळहात धरला.

"ऐकतेय मी," स्पीकर म्हणाला. "सावकाश."

अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला शब्द उंबरा ओलांडून आला.

"म... मधली गल्ली. वाचनालय. म... माणूस पडलाय."

"मधली गल्ली, वाचनालय. गाडी निघाली. तुम्ही त्यांच्याजवळच थांबा, मी फोनवर आहे."

बाईंनी फोन ठेवला. "थांबली," त्या समितीला म्हणाल्या. मग कुलूपवाल्याकडे वळल्या. "तु... तुम्ही नाही थांबलात."

समितीने अर्धा तास खल केला. भिंगरीची नोकरी राहिली. पण पक्की नेमणूक सहा महिने पुढे गेली आणि तिच्या कागदात एक ताशेरा कायमचा लागला. तिने तो वाचून सही केली. कुलूपवाल्याचे काय करायचे, यावर कायद्याच्या गृहस्थांनी सगळी चळत चाळली आणि म्हणाले, "यांच्यासाठी आमच्याकडे कलम नाही."

"म... माझ्याकडे आहे," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या. वाचनालयात बावीस कपाटे आहेत, सगळ्यांची कुलपे गंजली आहेत. दर शनिवारी त्याने यायचे. कोणते कपाट, काय बिघडले, हे त्या सांगतील. तो मधे बोलणार नाही.

"किती शनिवार?" त्याने विचारले.

बाई सांगू लागल्या. आकडा 'म' चा नव्हता, तरी त्यांनी पुरेपूर वेळ घेतला. तो थांबला.

मित्रांनो, आता माझी शिकवण. तुमच्या हातातला फोन कधी काही विसरत नाही, तेव्हा लिहिताना, टिपताना जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांचे वय विचारून घ्या. एवढे लक्षात ठेवा, की पोराने केलेले पोराचेच असते, ते नाकारू नये. पण एखादी वाईट गोष्ट फिरू लागली आणि मोठी माणसे 'कोणी केलं?' म्हणून ओरडू लागली, तर अदबीने विचारा, की तेव्हा फोन कोणी धरला होता आणि हसत कोण होते. मी मात्र धरला गेलो होतो. निदान तसे मी स्वतःला सांगतो. अलीकडे तेही पुरेसे वाटत नाही, आणि भीती जात नाही.

सध्या मी पुरावा म्हणून लिफाफ्यात घालून, कक्षातल्या एका बंद कपाटात ठेवलेला आहे. काचेपलीकडे ती फोन उचलते आहे. काळाच्या दरबारात मी साक्ष दिली. आता मला काही नको. फक्त एक बारीकसे काम आहे. भिंगरीच्या शाळेच्या वेळचा, सकाळी सव्वासहाचा गजर माझ्यात अजून लावलेला आहे, कोंबडा आरवतो तो. बॅटरी चौदा टक्के आहे, म्हणजे उद्या तो नक्की वाजणार, आणि इथे फोनवर जिवाची कामे चालू असतात. कुणीतरी येऊन तेवढा बंद कराल का? माझा हात पोहोचत नाही.